पडलेली पापणी आणि अमेरिकेतून येणारे थेंब

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी, वय 68. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, नजर चांगली आली. पण गेल्या वर्षभरात उजवी पापणी खाली उतरत चालली आहे, संध्याकाळी जास्तच. पेपर वाचताना ती बोटानं वर धरावी लागते. सकाळी बीपीची गोळी, रात्री प्रोस्टेटची. अमेरिकेतला पुतण्या दिवाळीला येणार आहे. तो म्हणतो, तिकडं पापणी उचलणारे थेंब डॉक्टर लिहून देतात, येताना आणतो. त्यानं औषधाचं नाव कळवलं, ऑक्सिमेटाझोलीन. गुरुजींनी घरातली सर्दीची बाटली उलटून बघितली, तर तिच्यावर तेच नाव! मग दिवाळीची वाट कशाला बघायची, हेच थेंब डोळ्यात घातले तर चालतील का?

गुरुजी, हा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाटली घरातच आहे आणि हात आज रात्रीही तिच्याकडं जाईल. ते थेंब डोळ्यात घालू नका. औषध तेच आहे हे खरं. नाक मोकळं करायला ते कितीतरी वर्षं वापरात आहे. मोठ्यांच्या नाकाच्या बाटलीत ते साधारण 0.05 टक्के असतं, पापणीच्या थेंबात 0.1 टक्के. पण फरक नुसता टक्क्यांचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. डोळ्याचं औषध निर्जंतुक करूनच भरावं लागतं, त्याचा आंबटपणा-खारटपणा अश्रूंच्या जवळ आणावा लागतो. नाकाच्या थेंबांना हे सोवळं नसतं. शिवाय तुमच्या त्या बाटलीचं टोक गेल्या पावसाळ्यात घरातल्या किती नाकांत जाऊन आलंय, ते तुम्हीच आठवा. निपाणीकडचे एक गृहस्थ लालभडक डोळा घेऊन आले होते, "मॅडम, औषध तेच की ओ" म्हणत. बुबुळावरचं पातळ आवरण ठिकठिकाणी सोललं होतं. आठवड्यात बरे झाले, पण त्या आठवड्यात दिवसाउजेडी डोळा उघडता येत नव्हता.

आता पुतण्याच्या थेंबांकडं येऊ. पोरगं खोटं बोलत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जुलै 2020 मध्ये हे थेंब मंजूर केले, तिकडं ते 'अपनीक' या नावानं मिळतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. मोठेपणी पडलेल्या पापणीसाठी आहेत, जन्मजात पडलेल्या पापणीसाठी नाहीत. दिवसातून एकदा, पडलेल्या पापणीच्या डोळ्यात एक थेंब. पाच-पंधरा मिनिटांत पापणी हलायला लागते आणि सहा-आठ तास वर राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा होती तिथंच. म्हणजे ही उसनवारी आहे, रोजच्या रोज फेडायची.

किती उचलते? मंजुरीआधीच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून 304 लोक होते. औषधाचा थेंब घातलेल्यांची पापणी सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास वर गेली. आणि गंमत बघा, ज्यांना औषध नसलेला नुसता थेंब दिला होता, त्यांचीही अर्धा मिलिमीटर उचलली! मनाला वाटलेलं बरेपण म्हणा, थेंब पडल्यावर डोळे ताणून बघायची सवय म्हणा. तेव्हा औषधाची म्हणून स्वतःची कमाई अर्ध्या मिलिमीटरच्या पुढं-मागं. हे ऐकून पुतण्या हिरमुसेल, पण डोळ्याच्या बाबतीत अर्धा मिलिमीटर ही थट्टेची गोष्ट नाही. बाहुलीच्या मधोमध टॉर्चचा ठिपका चमकतो, त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर आम्ही पट्टीनं मोजतो. धडधाकट माणसात ते चार ते पाच मिलिमीटर असतं. दोनच्या खाली गेलं की वरचं दिसणं झाकायला लागतं. कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा, एसटीची पाटी, फांदीवरचा आंबा. दीडाचं अडीच झालं तर माणूस मान मागं टाकून चालायचा थांबतो.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वरची पापणी उचलायला दोन स्नायू जुंपलेले असतात. एक मोठा, लिव्हेटर. हा खरा कामाचा बैल. मेंदूतून निघणारी तिसरी नस त्याला हाकते आणि आपण ठरवून डोळा उघडतो तो याच्या जोरावर. त्याच्या मागं, पापणीच्या आतल्या बाजूला लागून एक छोटा स्नायू आहे, म्युलरचा. हा खोंड. त्याच्यावर आपली मर्जी चालत नाही. भीती, सावधपणा, उत्साह यांची जी नस असते ती त्याला हाकते. घाबरलेल्या माणसाचे डोळे मोठे दिसतात ते याच्यामुळं. एकूण उंचीत याचा वाटा साधारण दोन मिलिमीटरचा. पुतण्याचा थेंब मोठ्या बैलाला हातही लावत नाही, तो या खोंडाला टोचतो. मोठा बैलच बसला असेल तर खोंडाच्या जिवावर उसाची गाडी चढ चढणार नाही. आणि मोठा बैल ठणठणीत आहे, फक्त त्याची दोरी सैल झाली आहे असं असेल, तर खोंडानं जोर लावल्यावर गाडी थोडी पुढं सरकते.

तुमचं बहुधा हेच दुसरं आहे. मोठ्या स्नायूचं टोक एका रुंद, पातळ पडद्यासारख्या पट्ट्यानं पापणीच्या आतल्या कडक वाटीला चिकटलेलं असतं. वयानं तो पट्टा ताणतो, पातळ होतो, वाटीवरून सुटतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये पापण्या उघड्या ठेवायला तारेचा चिमटा लावतात, त्यानंतर काही जणांत ही सैल दोरी अजून सैल होते. अशी पडलेली पापणी ऑपरेशननंतर काही महिन्यांत आपोआप सावरतेही, म्हणून आम्ही निदान सहा महिने थांबतो. तुमची तर नंतर हळूहळू उतरत आली आहे, तेव्हा आपोआप सावरायची वेळ गेली असं समजा. डोळे चोळायची सवय असलेल्यांत हे लवकर दिसतं. वडगाव-शहापूरकडं मागावर बसलेल्या बायका सुताच्या धुरळ्यानं दिवसभर डोळे चोळतात. पन्नाशीच्या आत पापणी पडलेली बाई आली की मी पहिल्यांदा विचारते, माग आहे का घरी?

पण 'बहुधा' या शब्दावर मी थेंब लिहून देत नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचतंय: संध्याकाळी जास्त. सैल दोरीचीही पापणी दिवसाअखेर थकून थोडी उतरते, हे खरं. पण सकाळी जवळजवळ नीट, दुपारनंतर अर्धी, रात्री टीव्हीसमोर बंद, कधी ही तर कधी ती, असं असेल तर ते मायस्थेनिया असू शकतं. त्यात नस आणि स्नायू यांच्यामधला निरोपच पोहोचत नाही. वापरलं की स्नायू दमतो, विसावा दिला की परत येतो. पुष्कळांमध्ये सुरुवात डोळ्यापासून होते, एकाची दोन दिसतात, पुढं घास गिळायला त्रास, बोलता बोलता आवाज नाकातून, आणि कधीतरी श्वासालाच धोका. आमच्याकडं यासाठी एक फार साधी परीक्षा आहे: बर्फाचा खडा रुमालात धरून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं ठेवायचा. पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त वर आली, तर मायस्थेनियाचा संशय पक्का धरून पुढच्या तपासण्या करायच्या. खासबागेतल्या एका मावशींचं निदान असंच झालं. त्या चष्म्याचा नंबर बदलायला आल्या होत्या! असा संशय असताना काचबिंदूसाठी (ग्लॉकोमा) दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब आणि काही अँटिबायोटिक्स आजार वाढवू शकतात, म्हणून ती नावं डॉक्टरांना सांगायचीच.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी खरं तर एवढं लांब लिहायला बसले, ती ऐका. थेंबानं पापणी वर गेली म्हणजे दुखणं साधं होतं, असं लोक धरून चालतात. ते उलटं आहे. म्युलरच्या स्नायूला हाकणारी जी नस आहे, तिचा रस्ता फार लांबचा. मेंदूतून पाठीच्या कण्यात, तिथून छातीत फुप्फुसाच्या शेंड्यावरून, मग मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला लपेटून वर डोळ्यापर्यंत. या वाटेवर कुठंही धक्का बसला की पापणी एक-दोन मिलिमीटर उतरते आणि त्या बाजूची बाहुली बारीक होते. याला हॉर्नर म्हणतात. आता नस तुटली की खोंड उपाशी राहतो, आणि उपाशी खोंडाला थोडासा चारा दिसला तरी तो उसळतो. म्हणजे हॉर्नरच्या पापणीवर असे थेंब झकास लागू पडतात! माणूस खूश, घरचे खूश. आणि आत फुप्फुसाच्या शेंड्यावर गाठ वाढत असते, किंवा मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटलेलं असतं. मायस्थेनियातही खोंड शाबूत असल्यामुळं थेंबानं पापणी थोडी उचलू शकते. थेंब आजार ओळखत नाही. औषधाच्या पत्रकातही हाच इशारा छापलेला आहे, की पक्षाघात, मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगवटा, हॉर्नर, मायस्थेनिया, डोळ्यामागची गाठ किंवा जंतुसंसर्ग यांचीही पापणी पडते, त्यांचा विचार करा. पत्रक कोण वाचतं म्हणा.

आमच्या या पट्ट्यात मला हे जास्त का वाटतं, तर निपाणी-चिकोडीकडं तंबाखू आहे. पिकवणारे, वखारीत काम करणारे, बिड्या वळणारे, आणि ओढणारे तर घरोघरी. एका बाजूची पापणी किंचित उतरलेली, त्याच बाजूची बाहुली बारीक, खांदा आणि हाताच्या आतल्या बाजूला महिनोन्महिने कळ, असा बिडी ओढणारा माणूस समोर बसला की मी डोळ्याचं यंत्र बाजूला ठेवते आणि आधी छातीचा फोटो काढायला पाठवते. घरी बघायचं असेल तर दिवा मंद करून बघा. अंधारात चांगली बाहुली मोठी होते, दुखऱ्या बाजूची मागं राहते, फरक उठून दिसतो.

याच्या बरोबर उलटं चित्रही असतं. पापणी पूर्ण बंद, उचलून बघितलं तर बुबुळ बाहेर आणि खाली गेलेलं, आणि बाहुली मोठी. ही तिसऱ्या नसेची बाब. बरीच वर्षं शुगर असलेल्यांत ही नस कधीकधी अचानक बसते, त्यात बाहुली बहुतेक वेळा वाचते आणि दोन-तीन महिन्यांत पापणी परत येते. पण बाहुली मोठी असेल आणि जोरात डोकं दुखत असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगवटा त्या नसेवर दाबत असू शकतो. अशा वेळी कुठल्या थेंबाचा, कुठल्या चष्म्याचा विचार नाही; जिथं मेंदूचा स्कॅन होतो अशा मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी जायचं, मग ते बेळगाव असो, मिरज असो, नाहीतर हुबळी.

आणि मण्यार. हे पुस्तकी वाटेल, पण पावसाळ्यात आमच्या खेड्यांत पापणी पडण्याचं हे कारण मी विसरूच शकत नाही. माणूस रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपतो, गोठ्यात किंवा शेतातल्या खोपीत. मण्यार रात्री फिरते, चावली तर वेदना जवळजवळ नसते, खूणही शोधावी लागते. पहाटे पोटात कळ, उलटीसारखं वाटतं, आणि उजाडता उजाडता दोन्ही पापण्या जड. "रात्रीची उतरली नाही वाटतं" म्हणून घरचे हसतात. नंतर गिळता येत नाही, मान धरवत नाही, श्वास अडकतो. सकाळी उठल्यावर दोन्ही पापण्या उचलता येत नाहीत, तर तो साप चावल्याचाच प्रकार आहे असं धरून 108 ला फोन करा. मांत्रिक नको, कडुनिंबाचा पाला चघळून कडू लागतो का ते बघत बसू नका. प्रतिविषाचं इंजेक्शन आणि गरज पडली तर श्वासाचं यंत्र, हे जिथं आहे तिथं.

एवढी भीती घालून झाल्यावर परत तुमच्याकडं. तुमच्या बाबतीत मी काय बघेन ते सांगते. पहिलं, जुना फोटो. शाळेतून निवृत्त झालात तेव्हाचा शाल-नारळाचा फोटो असेलच, तो आणा. पापणी तेव्हापासूनच थोडी खाली होती का, हे आरशापेक्षा त्या फोटोत नीट कळतं. दुसरं, मोबाइलवर सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणानंतर समोरून एकेक फोटो, भुवया न ताणता, आठ दिवस. भुवया न ताणता हे म्हणते त्याला कारण आहे: पापणी पडलेला माणूस नकळत कपाळ वर ओढून डोळा उघडतो, कपाळावर आठ्यांच्या रांगा उमटतात, आणि डोकेदुखीसाठी तो वेगळ्याच डॉक्टरकडं फिरत राहतो. तिसरं, बोटानं उजवी पापणी वर धरता तेव्हा वहिनींना डावीकडं बघायला सांगा. मेंदू दोन्ही पापण्यांना एकच हुकूम सोडतो. उजवी पडली म्हणून तो दोन्हींवर जोर लावतो. उजवी हातानं उचलली की जोर कमी होतो आणि डावी खाली येते. तशी आली, तर तुमची डावीही मुळात सैल आहे, फक्त उसन्या जोरावर उभी आहे. मग उजव्या डोळ्यात थेंब घातल्यावर डावी पडलेली दिसेल आणि तुम्ही म्हणाल, औषधानं डावा डोळा बिघडवला.

कधीकधी पापणी पडलेलीच नसते. वरची कातडी सैल होऊन पापणीच्या कडेवर दुमडून लोंबते, पडदा खाली यावा तसा. कड जिथल्या तिथं असते. त्या कातडीला थेंब काही करणार नाही. आमच्याकडची कन्नड माणसं 'रेप्पे' म्हणतात, आपण 'पापणी' म्हणतो, कोणी 'डोळ्यावर झापड येतेय' म्हणतं. शब्द कुठलाही असो, पट्टी लावून मोजल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही.

आता तुमच्या गोळ्या. बीपी नीट ताब्यात आहे का? हा थेंब रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या जातीचा आहे. डोळ्यातून नळीवाटे नाकात उतरून थोडा रक्तात जातो. बीपी बेताल असेल, हृदयाचं मोठं दुखणं असेल, उठून उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर सांभाळून. नैराश्यासाठी दिली जाणारी जुनी एमएओआय जातीची औषधं चालू असतील तरीही. आणि रात्रीची प्रोस्टेटची गोळी जर टॅम्सुलोसिन असेल, तर ती अगदी याच कामाच्या विरुद्ध काम करते. थेंब ज्या कड्या ओढतो, गोळी त्या जातीच्या कड्या सोडते. दोन्ही एकत्र देताना जपून, असं थेंबांच्या पत्रकातच लिहिलेलं आहे. त्या गोळीचा अजून एक उपद्व्याप सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बुबुळाचा रंगीत पडदा तिच्यामुळं लुळा होतो, बाहुली मध्येच आकसते. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधीतरी होईलच. तेव्हा सर्जनला ही गोळी आधी सांगायची. आता बंद केली तरी सांगायची, कारण परिणाम मागं राहतो.

डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं, तो डोळ्यातला कोन अरुंद असेल तर या थेंबांनी डोळ्यातला दाब एकदम चढायचा धोका असतो. ऑपरेशन झालेल्या तुमच्या उजव्या डोळ्यात ती भीती कमी, कारण फुगलेलं जुनं भिंग काढून टाकलं की कोन मोकळा होतो. डाव्यात मात्र तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

हे सगळं तपासून, दोरीच सैल आहे असं ठरलं आणि तुमच्या फिजिशियननं हरकत घेतली नाही, तर थेंबांना माझी ना नाही. लग्नकार्य आहे, व्याख्यान आहे, दिवसभर वाचायचं आहे, अशा दिवसांसाठी ते बरे. वापरायची रीत अशी. मान मागं, खालची पापणी ओढून खळगा करायचा, एकच थेंब त्यात. दोन घातले म्हणून दुप्पट उचलत नाही, डोळ्यात मावतच नाही, गालावर येतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दुसरे कुठले थेंब चालू असतील तर मध्ये निदान पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. ते एकेका दिवसाच्या छोट्या नळीत येतात, उघडलेली नळी उरली म्हणून उद्याला ठेवायची नाही. आमच्याकडं तेल-मीठ जपून वापरायची सवय, तुम्ही नक्की ठेवाल म्हणून सांगते. त्यात जंतू न वाढू देणारं औषध घातलेलं नसतं. थोडी लाली, कोरडेपणा, चुरचुर, धुरकट दिसणं, डोकेदुखी हे काही जणांना होतं. नळ्या नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका. या जातीचं औषध लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी मूल सुस्त पडतं, नाडी मंदावते, श्वास मंदावतो. तुमच्या सर्दीच्या बाटलीलाही हेच लागू.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, डोळे पांढरे करणाऱ्या थेंबांनीही थोडा वेळ पापणी उचललेली वाटते. रोज घातले की डोळे उलट जास्त लाल होतात आणि मग त्यांच्याशिवाय चालतच नाही. स्टिरॉइडचे थेंब तर त्याहून वाईट: महिनोन्महिने घातले तर स्वतःच पापणी पाडतात, वर काचबिंदूही देतात. कुणी डोळ्यात मध किंवा कांद्याचा रस सुचवला असेल, तर त्यांना माझा नमस्कार सांगा आणि थांबा.

कायमचा उपाय ऑपरेशनच. सुटलेला पट्टा परत वाटीला शिवायचा, जागेवर भूल देऊन, तुम्ही जागे असतानाच. मध्येच उठून बसा, समोर बघा असं सांगून दोन्हीकडची उंची जुळवतो. साधारण तासाभराचं काम. काही जणांत आतल्या बाजूनं म्युलरचाच थोडा भाग काढून उंची वाढवता येते. त्यासाठी आधी फिनाइलेफ्रिनचा थेंब घालून पापणी किती उचलते ते बघतात. बघा, थेंब शेवटी परीक्षेलाच जास्त उपयोगी! मोठा बैलच जन्मतः दुबळा असलेली मुलं असतात, हनुवटी वर करून बघणारी. त्यांना थेंबांनी काही होत नाही आणि थांबायलाही वेळ नसतो, कारण झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही. त्यांच्यासाठी कपाळाच्या स्नायूला पापणी टांगायचं ऑपरेशन असतं.

पुतण्याला इतकंच कळवा की अजून आणू नको, आधी इकडं तपासून घेतो. दिवाळीला वेळ आहे. येताना निवृत्तीचा फोटो, आठ दिवसांचे मोबाइलवरचे फोटो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद आणि रात्रीच्या गोळीचं पाकीट, नुसती गोळी नव्हे, घेऊन या. आणि संध्याकाळी चार नंतरची वेळ घ्या. सकाळी आलात तर पापणी शहाण्यासारखी वर बसलेली असेल आणि मला काही दिसणार नाही.